सहकार-सल्ला : गंगाजळी कोणाची?

या महिन्याची पत्रे बहुतेक एकाच प्रश्नाभोवती घोटाळणारी आहेत : सहकारी संस्था दीर्घकाळ टिकायच्या असतील, तर कायद्याने काय करावे आणि कशात पडू नये. माझी सगळी नोकरी सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली, म्हणून संपादकांनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. पत्रे लांब होती, त्यामुळे प्रश्नापुरताच मजकूर ठेवला आहे आणि नावे वगळली आहेत.

प्रश्न : आमची पतसंस्था जुनी आहे, गंगाजळीही भक्कम आहे. काही तरुण सभासदांचे म्हणणे असे, की संस्था गुंडाळावी आणि गंगाजळी सारखी वाटून घ्यावी, नाहीतर सरळ कंपनी करावी. उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नोंदलेल्या नियमांत, मात्र याला मनाई आहे. पैसा आमचा, मग वाटून का घ्यायचा नाही? हा कायद्याचा अतिरेक नाही का?

अतिरेक नाही. सहकारी कायद्यातले एकच कलम राखायची वेळ आली, तर मी हेच राखीन.

तुमच्या पत्रातल्या ‘पैसा आमचा’ या शब्दांचा हिशेब करून बघू. समजा, आज संस्थेत शंभर सभासद आहेत आणि गंगाजळी एक कोटी आहे. वाटली तर माणशी एक लाख येतील. पण हे कोटी जमले कसे? तीस वर्षांत चारशे माणसे या संस्थेत आली आणि गेली. दरवर्षी नफ्यातला एक हिस्सा त्यांनी घरी नेला नाही. राजीनामा देताना त्यांच्या हातावर भागाची (शेअरची) दर्शनी किंमत टेकवली गेली, वर छदाम नाही. त्यांनी कुरकुर केली नाही, कारण ते नवीन होते तेव्हा त्यांना मिळालेले पहिले कर्ज आधीच्यांनी मागे ठेवलेल्या पैशाच्या जोरावरच मिळाले होते. आता चारशे जणांनी मागे ठेवलेले शेवटच्या शंभरांनी उचलायचे, म्हणजे शेवटच्या पंगतीने वाढपाची भांडीही घरी न्यायची. तरुण सभासदांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा. माझा अनुभव असा आहे, की निम्मे तिथेच गप्प होतात. उरलेल्या निम्म्यांसाठी पुढचे वाचा.

ताळेबंदाच्या देणी बाजूला ‘भाग भांडवल’ आणि ‘राखीव निधी’ (हीच गंगाजळी) या ओळी एकाखाली एक असतात. दोन्ही संस्थेचेच पैसे, असे वाटते. पण भाग भांडवलाला पाय असतात. सभासद राजीनामा देतो, भाग परत मागतो, भांडवल दारातून बाहेर पडते. त्यातही संस्थेविषयी कुजबुज सुरू झाली, की सगळे एकाच आठवड्यात मागायला येतात. आंतरराष्ट्रीय हिशेबशास्त्राने 2004 मध्ये हे स्पष्टच करून टाकले : सभासदाने मागताच परत द्यावा लागणारा भाग हा भांडवलात धरू नये, देण्यात धरावा. तो परत न करण्याचा बिनशर्त हक्क संस्थेला असेल, किंवा परतफेडीवर कायद्याची वा उपविधीची बंदी असेल, तरच त्याला भांडवल म्हणावे. म्हणजे जी कोणा एकाची नाही, ती गंगाजळीच काय ती संस्थेच्या पायाखालची पक्की जमीन.

म्हणून देशोदेशीचे कायदे तिथे बोट ठेवतात. महाराष्ट्राचा 1960 चा सहकारी संस्था कायदा निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीकडे वळवायला लावतो. स्पेनच्या 1999 च्या कायद्यात सहकारी व्यवहारातून झालेल्या वाढाव्यापैकी किमान 20 टक्के सक्तीच्या राखीव निधीत आणि वर 5 टक्के शिक्षण व संवर्धनाच्या निधीत जातात. इटली याच्याही पुढे गेली. तिथे 1977 च्या कायद्याने अविभाज्य राखीव निधीत टाकलेल्या नफ्यावरचा कर माफ केला (पुढे ही सवलत आकसली). अट एकच होती : तो निधी संस्था चालू असताना किंवा मोडताना, कोणत्याही रूपात सभासदांत वाटायचा नाही. मग 1992 च्या कायद्याने प्रत्येक संस्थेला वार्षिक नफ्याचे 3 टक्के एका सामाईक निधीत भरायला लावले. त्या निधीतून नव्या सहकारी संस्थांना भांडवल मिळते. संस्था बंद पडली, तर सगळी देणी भागवून उरलेली मालमत्ताही त्याच निधीत जाते. मला या रचनेतली धूर्तता आवडते. मोडण्यातून कोणाच्याच हाती घबाड लागत नसेल, तर संस्था मोडायला पुढाकार कोण घेणार?

घबाड लागू दिले तर काय होते, तेही बघायला मिळाले आहे. ब्रिटनमध्ये घरासाठी कर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायट्या पिढ्यान्‌पिढ्या सभासदांच्या मालकीच्या होत्या. नोंदणीच्या दृष्टीने त्या सहकारी संस्थांहून वेगळ्या, पण तत्त्वाने सख्ख्या. 1986 च्या कायद्याने त्यांना कंपनी होण्याची वाट मोकळी करून दिली. 1989 मध्ये ॲबी नॅशनल त्या वाटेने गेली. 1997 मध्ये हॅलिफॅक्स, नॉर्दर्न रॉक आणि आणखी काही गेल्या. सभासदांना फुकटचे शेअर मिळाले. ते पाहून लोक उरलेल्या सोसायट्यांत केवळ मतदानाचा हक्क मिळावा म्हणून किरकोळ ठेव ठेवू लागले. नेशनवाइड या सोसायटीने मग स्वतःच नियम केला : नव्या सभासदाने खाते उघडतानाच लिहून द्यायचे, की पुढे रूपांतर झाले तर माझ्या वाट्याचे पैसे धर्मादाय संस्थेला जातील. रांगा ओसरल्या. नेशनवाइड आजही सभासदांच्या मालकीची आहे. कंपनी झालेल्या नॉर्दर्न रॉकसमोर 2007 मध्ये ठेवी काढायला रांगा लागल्या आणि पुढच्या फेब्रुवारीत ती सरकारला ताब्यात घ्यावी लागली. ब्रॅडफर्ड अँड बिंगली 2000 मध्ये कंपनी झाली, तिची गत 2008 मध्ये अशीच झाली. त्या लाटेत रूपांतर झालेली एकही सोसायटी आज स्वतंत्र बँक म्हणून उभी नाही.

तरुण सभासदांची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते. तीस वर्षांपूर्वी भरलेला भाग आज दर्शनी किमतीलाच परत मिळणार असेल, तर महागाईने त्यातले बरेचसे खाल्लेले असते. इटलीच्या कायद्याने यावर माफक तोड काढली आहे. नफ्यातला काही भाग वापरून, महागाईच्या प्रमाणात भागाची किंमत वाढवून देता येते, त्यापलीकडे नाही. मागायचेच असेल तर हे मागा.

प्रश्न : सरकारने सहकारी संस्थांना मदत करावी, की त्यांच्यापासून लांब राहावे? आमच्या अभ्यासगटात यावरून दोन तट पडले आहेत.

पैशाच्या बाबतीत लांब आणि देखरेखीच्या बाबतीत जवळ, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात बहुतेक सरकारे नेमके उलट करतात.

अभ्यासगटासाठी दोन शेजारी देश घ्या. टांझानियाने 1976 मध्ये शेतकऱ्यांचे सहकारी संघ हुकमाने बरखास्त केले आणि त्यांचे काम सरकारी महामंडळांकडे दिले. सहा वर्षांत हिशेब उलटला, 1982 मध्ये नवा कायदा करून संघ परत आणावे लागले. पण परत आणले तेही वरूनच. केनियात गोष्ट दुसऱ्या टोकाची. तिथे दीर्घकाळ सहकार खात्याच्या सहीशिवाय पान हलत नसे. 1997 च्या कायद्याने खात्याने एकदम अंग काढून घेतले. ज्यांनी कधी स्वतःचा अर्थसंकल्प स्वतः मंजूर केला नव्हता, त्यांच्या हाती एका रात्रीत सगळा कारभार आला. उधळपट्टी, निवडणुकांची भांडणे, संस्थांची फाटाफूट, सगळे ओघाने आले. 2004 मध्ये कायदा दुरुस्त करून देखरेख परत आणली आणि बचत व कर्ज संस्थांसाठी 2008 मध्ये स्वतंत्र कायदा व नियामक आला. तुमच्या दोन्ही तटांना केनियाचे उदाहरण सोयीचे नाही, म्हणूनच त्यावर वाद घाला.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या दोन शिफारशी शेजारी ठेवल्या, तर जगाचे मत कसे बदलले तेही कळते. 1966 ची शिफारस विकसनशील देशांपुरती होती आणि तिच्यात सहकारी संस्था हे सरकारच्या विकासकार्याचे हत्यार होते. 2002 ची 193 क्रमांकाची शिफारस सर्व देशांसाठी आहे. ती म्हणते, की संस्था स्वायत्त असाव्यात, स्वतःचा कारभार स्वतः करणाऱ्या असाव्यात आणि इतर उद्योगांपेक्षा कमी अनुकूल वागणूक त्यांना मिळू नये. हा शेवटचा मुद्दा लोक वाचून पुढे जातात, पण फार उपयोगाचा आहे. नोंदणीला कंपनीपेक्षा जास्त दिवस लागणे, सरकारी निविदेत भाग घेण्यापासूनच बाद ठरणे, प्रत्येक ठरावाला वरची मंजुरी लागणे, हे सगळे त्या कसोटीवर नापास होते. आणि यातले काहीही दुरुस्त करायला सरकारला एक पैसा खर्च करावा लागत नाही.

भारतात या दिशेने खरे धाडस आंध्र प्रदेशाने 1995 मध्ये केले. ‘परस्पर साहाय्य’ सहकारी संस्थांचा कायदा करून त्यांनी जुन्या कायद्याशेजारी दुसरे दार उघडले. या दाराने आत येणाऱ्या संस्थेत सरकारचे भाग भांडवल नाही, म्हणून सरकारी प्रतिनिधी नाही; निवडणुका संस्थेने स्वतः घ्यायच्या. कर्नाटकने 1997 मध्ये ‘सौहार्द’ नावाने तसाच मार्ग धरला. पुढे 97 वी घटनादुरुस्ती झाली आणि सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीत गेला. ऐच्छिक स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण व व्यावसायिक व्यवस्थापन यांना सरकारने चालना द्यावी, असे कलम 43-ब मार्गदर्शक तत्त्वांत आले. त्याच दुरुस्तीतला तपशीलवार कारभाराचा भाग राज्यांच्या संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द ठरवला. कारण, सहकार हा राज्यांचा विषय आणि निम्म्या विधिमंडळांची संमती घेतलीच नव्हती. स्वायत्तता देणारी तरतूद स्वायत्ततेचीच पायरी चुकवून आणली, तर तिचे असे होते.

सरकारी भाग भांडवलाबद्दल एक निरीक्षण. ते घेताना संचालक मंडळ हार घालते आणि परत फेडताना कोणीच घाई करत नाही. मधल्या काळात मंडळाच्या बैठकीत एक खुर्ची अशी असते, की जिच्याकडे बघून बाकीचे मत देतात.

प्रश्न : दरवर्षी लेखापरीक्षण होते, अहवालही येतो, तरी संस्था बुडतात. मग या तपासणीचा उपयोग काय? इतर देश काही वेगळे करतात का?

हा माझ्याच धंद्यावरचा प्रश्न आहे, तेव्हा जरा सविस्तर.

नवी संस्था तपासायला घेतली, की मी आकड्यांना शेवटी हात लावायची. आधी सभांचे इतिवृत्त मागायची. एका संस्थेचे इतिवृत्त अजून डोळ्यांसमोर आहे. वार्षिक सभा, गणपूर्ती (सभेला लागणारी किमान हजेरी) नाही, सभा अर्धा तास तहकूब, त्याच जागी पुन्हा सुरू. पुन्हा सुरू झालेल्या सभेला गणपूर्तीची गरज नाही. यात बेकायदा काहीच नाही. पण सलग पाच वर्षे हेच शब्द, हेच अक्षर, सूचक-अनुमोदकाची तीच जोडी आणि प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. उपस्थितीच्या पानावरच्या सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच दाबाच्या. त्याच पाच वर्षांत कर्जाची एकूण रक्कम वाढत होती आणि कर्जदारांची संख्या घटत होती. ताळेबंद जुळत होता. पैनपै जुळत होता. मी अहवालात लिहिले, दोषदुरुस्तीची मुदत ठरली, दुरुस्ती अहवाल आला, त्यात ‘सूचनेची नोंद घेतली’ असे होते.

म्हणजे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे : पैसे बरोबर मोजले आहेत का, एवढेच तपासणारी तपासणी सहकारी संस्थेला अपुरी आहे. संस्था सभासदांची राहिली आहे का, हे कोणीतरी तपासायला हवे.

जर्मनीने हे 1889 मध्येच ओळखले. त्या वर्षीच्या सहकारी कायद्याने तपासणी सक्तीची केली आणि 1934 पासून प्रत्येक संस्थेला एखाद्या लेखापरीक्षण संघाचे सभासद व्हावेच लागते. हा संघ सहकारी संस्थांचाच असतो, तपासणीचा अधिकार त्याला सरकार देते. तो नफा-तोट्याबरोबर कारभाराची रीतही बघतो. लहान संस्थांत निदान दोन वर्षांतून एकदा, मोठ्यांत दरवर्षी. नोंदणीच्या आधीही संघाचे मत लागते, म्हणजे ज्या धंद्याचा पायाच भुसभुशीत आहे तो दारातच अडतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यापुढची तरतूद. अहवालावर सर्वसाधारण सभेत चर्चा व्हावीच लागते. ती टाळली जाते आहे किंवा सभासदांना नीट सांगितले जात नाही, असे संघाला वाटले, तर संघ स्वतः विशेष सभा बोलावतो आणि तिचा खर्च संस्थेच्या माथी. ‘सूचनेची नोंद घेतली’ एवढ्यावर तिथे भागत नाही. दिवाळखोरीत निघण्याचे प्रमाण जर्मनीत सहकारी संस्थांत फार कमी असते, त्यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

फ्रान्सने दुसरी युक्ती काढली. 2014 च्या कायद्याने ठरावीक आकारावरच्या सर्व प्रकारच्या सहकारी संस्थांना दर पाच वर्षांनी ‘सहकारी पुनरावलोकन’ लावले. ते नेहमीच्या लेखापरीक्षणाहून वेगळे आहे. त्यात आकडे गौण असतात. निर्णय खरोखर सभासद घेतात का, संस्थेचा फायदा व्यवहार करणाऱ्यांपर्यंत पोहोचतो का, वाटू नये तो पैसा वाटला गेला का, हे बघितले जाते.

आपल्याला हे जमेल का, असे विचाराल. सभासदाला इतिवृत्ताची आणि तपासणी अहवालाची प्रत मागता येते, बहुतेक सहकारी कायद्यांत ही सोय आहे. मागणारे किती, हे तुमच्या संस्थेत विचारून बघा.

प्रश्न : हल्ली ‘शाश्वत विकास’ हा शब्द सहकारी संस्थांच्या अहवालांतही दिसतो. आमच्यासारख्या कर्ज देणाऱ्या संस्थेने झाडे लावायची का?

झाडे लावा, वाईट काही नाही. पण झाडाशेजारी उभ्या संचालकांचा फोटो म्हणजे शाश्वत विकास नव्हे.

हा शब्द सहकारात हल्लीचा नाही. आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने 1995 मध्ये मँचेस्टरच्या अधिवेशनात सहकाराची सात तत्त्वे नव्याने मांडली. त्यातले सातवे तत्त्व समाजाप्रति आस्थेचे. त्यात म्हटले आहे, की सभासदांनी मान्य केलेल्या धोरणांतून संस्थांनी आपल्या समाजाच्या शाश्वत विकासासाठी काम करावे. ‘सभासदांनी मान्य केलेल्या’ हे त्यातले कळीचे शब्द. तेव्हा कर्ज देणाऱ्या संस्थेपुरता प्रश्न असा : कर्ज कशासाठी द्यायचे आणि कशासाठी द्यायचे नाही, हे तुमच्या सभेने कधी ठरवले आहे का?

कायदा यात काय करू शकतो, ते विजेच्या क्षेत्रात स्वच्छ दिसते. कोपनहेगनच्या बंदराजवळ समुद्रात मिडेलग्रुंडेन नावाचा 20 पवनचक्क्यांचा ताफा 2000 पासून उभा आहे. त्यातल्या 10 एका सहकारी संस्थेच्या, तिचे सभासद आठ हजारांहून जास्त. पुढे डेन्मार्कने 2008 मध्ये कायदाच केला, की नव्या पवनचक्कीतली किमान 20 टक्के मालकी 4.5 किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी देऊ करायची (2020 मध्ये ही अट उठली). जर्मनीत 2000 च्या कायद्याने स्वच्छ विजेला वीस वर्षे ठरलेला दर दिला आणि 2006 च्या दुरुस्तीने सहकारी संस्था काढायला सातऐवजी तीन माणसे पुरेशी ठरवली. शेकडो वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. नंतर ठरलेल्या दराऐवजी लिलाव आले. त्यात हरलो तर तयारीचा खर्च बुडाला, ही जोखीम लहान संस्थेला पेलत नाही. नव्या संस्थांचा ओघ आटला. सहकारी कायद्यातली तीन माणसांची अट तशीच होती. म्हणून मी नेहमी सांगते, सहकारी संस्थेचे भवितव्य बघायचे तर सहकार खात्याआधी वीज, कर आणि निविदांचे नियम वाचावेत.

प्रश्न : मी छोटा दुकानदार आहे. सहकारी भांडारांना करात सूट मिळते, मला मिळत नाही. हा अन्याय का चालवून घ्यायचा?

सरसकट सूट असेल, तर तुमचे म्हणणे बरोबर आहे. पण एक फरक समजून घ्या. खऱ्या सहकारी भांडारात सभासदाने जास्त दिलेले पैसे वर्षअखेर खरेदीच्या प्रमाणात त्याला परत मिळतात. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावच्या 1844 च्या सहकारी भांडारापासून चालत आलेली ही रीत. हा नफा नव्हे, जादा घेतलेल्याची परतफेड, त्यामुळे त्यावर कर कसला? बिगर-सभासदाला विकून मिळवलेला तो मात्र नफाच, आणि त्यावर तुमच्याइतकाच कर लागावा.

युरोपच्या न्यायालयात हाच वाद इटलीतल्या सहकारी संस्थांच्या सवलतींवरून गेला होता. 2011 च्या निकालात न्यायालय म्हणाले, की सहकारी संस्था आणि कंपनी यांची स्थिती मुळात सारखी नाही. सहकारी संस्थेला बाजारातून भांडवल उभे करणे अवघड असते, कारभार सभासदांच्या हितासाठी चालतो, नफा माफक असतो. पण ही सगळी वैशिष्ट्ये प्रत्यक्षात असतील तरच, पाटीवर ‘सहकारी’ लिहिले म्हणून नव्हे. तुमच्या रस्त्यावरचे भांडार या कसोटीत बसत नसेल, तर तुमची तक्रार त्या भांडाराविरुद्ध आहे, कायद्याविरुद्ध नाही.

प्रश्न : आमचा कारखाना मालक बंद करणार अशी चर्चा आहे. आम्ही कामगारांनी सहकारी संस्था काढून तो घ्यावा, असे काही जण म्हणतात. असे कुठे झाले आहे का? कायद्याची मदत असते का?

झाले आहे, आणि कायदा सोबत असला तर जास्त ठिकाणी झाले आहे.

सर्वांत ठळक उदाहरण इटलीचे. तिथले उद्योगमंत्री जोव्हानी मार्कोरा यांच्या नावाने ओळखला जाणारा 1985 चा कायदा नेमका तुमच्यासारख्यांसाठी होता. बेकारीच्या काळात हप्त्याहप्त्याने मिळायचा भत्ता कामगारांनी एकरकमी उचलायचा आणि भांडवल म्हणून नव्या सहकारी संस्थेत घालायचा. त्यात सार्वजनिक निधी आपली भर टाकी, सुरुवातीला कामगारांच्या रकमेच्या तिपटीपर्यंत. युरोपीय आयोगाने या सरकारी मदतीला हरकत घेतली. 2001 च्या दुरुस्तीनंतर भर कामगारांच्या रकमेएवढीच राहिली. माझ्या मते ते बरेच झाले, कारण जिथे स्वतःचे पैसे निम्मे असतात तिथे माणूस हिशेब नीट बघतो. 2014 पासून तर दिवाळखोरीतला कारखाना विकताना कामगारांच्या संस्थेला आधी विचारावे लागते. स्पेनमध्येही 1985 पासून बेकारी भत्ता एकरकमी घेऊन सहकारी संस्थेत घालता येतो.

तुमच्याकडे असा कायदा नसला, तरी त्यातला क्रम उचला. आधी बघा, कारखाना बंद का होतो आहे. मालकाला वारस नाही, मुलांना रस नाही, मालक कर्जात बुडाला पण माल खपतो आहे, अशा कारखान्यात जीव असतो. मालच खपत नसेल, तर आयुष्याची पुंजी त्यात घालू नका, मग संस्था कितीही सहकारी असो. स्पेनमधल्या मोंद्रागोन या सहकारी संस्थांच्या समूहाची पहिली संस्था, म्हणजे घरगुती उपकरणांचा फागोर कारखाना, 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली. समूहाने आधी पैसे ओतले, मग हात आखडता घेतला. तिथल्या सभासदांपैकी पुष्कळांना समूहातल्या इतर संस्थांत काम मिळाले, पण घातलेले पैसे परत आले नाहीत. एकटी संस्था असती, तर कामही गेले असते. म्हणून संस्था काढलीत, तर पहिल्या वर्षातच एखाद्या संघाचे सभासद व्हा.

आणि एका गोष्टीपासून जपा. मालकच जर उत्साहाने सहकारी संस्था काढून द्यायला निघाला असेल, तर सावध व्हा. कोलंबियात हजारो कामगारांना अशा संस्थांचे ‘सभासद’ करून किमान वेतन आणि विमा यांतून मालक मोकळे झाले होते. 2008 आणि 2010 च्या कायद्यांनी त्याला लगाम घालावा लागला. ब्राझीलने 2012 मध्ये कायदा करून कामगार सहकारी संस्थेतल्या सभासदालाही किमान मोबदला, कामाच्या तासांची मर्यादा आणि रजा बंधनकारक केली. आधी सांगितलेल्या 2002 च्या शिफारशीतही अशा बनावट संस्थांना आळा घाला, असे सरकारांना बजावले आहे.

उलट दिशेनेही घसरण होते, तिच्याबद्दल कोणी सांगत नाही. संस्था नीट चालली, की जुने सभासद नव्यांना सभासद करून घेत नाहीत, पगारावर ठेवतात. स्पेनच्या 1999 च्या कायद्यात याला मर्यादा आहे : बिगर-सभासद कामगारांचे वर्षाचे एकूण तास सभासदांच्या तासांच्या 30 टक्क्यांवर जाता कामा नयेत. तुमच्या उपविधीच्या मसुद्यात असा आकडा नसेल, तर नोंदणीआधी घालून घ्या. दहा वर्षांनी तो घालायचा ठरवलात, तर सभेत मत असेल फक्त ज्यांना तो नको आहे त्यांनाच.